बंद दवाखान्याचं पान

अनंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या घराच्या गच्चीवर वाल वाळत घालत होते. फोन सुमनवहिनींचा होता. एरवी त्या फोन लावला की आधी दोन-तीनदा "येतंय का गो ऐकायला?" असं विचारून घेतात आणि मगच बोलतात. त्या सकाळी त्यांनी तसं काहीच विचारलं नाही. "मीना, हे गेले गो..." एवढंच म्हणाल्या, आणि पलीकडे फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. मी खाली आले, साडी बदलली आणि शहापूरची एसटी धरली. सरळगाव गेलं, किन्हवली गेली, तरी मला रडू येत नव्हतं. वालांवर काही झाकलं नाही, आता पाखरं येतील, एवढंच मनात येत होतं. माणूस गेल्यावर अशा किरकोळ गोष्टीच का सुचतात, मला अजून कळलेलं नाही.

आज त्याला दीड महिना झाला. भाऊंना ओळखणारी माणसं शहापूर-मुरबाडच्या बाहेर फारशी नाहीत. ज्यांच्यावर वर्तमानपत्रात लिहून येतं तसे ते नव्हतेच. पण त्यांच्या हातून एक चूक झाली होती, तिच्यात माझाही वाटा होता, आणि त्या चुकीनंतर भाऊ कसे जगले ते मी जवळून पाहिलं आहे. ते कुणीतरी सांगायला हवं, म्हणून लिहिते.

भाऊ एका लहानशा संस्थेच्या शहापूरच्या कार्यालयात काम करायचे. एका डॉक्टरीणबाईंनी ऐन उमेदीत ही संस्था काढली होती. तिचे चार दवाखाने होते, तीन कसाऱ्याकडच्या डोंगरपट्टीत आणि एक मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या बाजूला. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, वाड्यांच्या मधोमध असलेल्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं परिचारिका होते. भाऊ किन्हवलीकडच्या भातशेतीच्या घरातले. भाऊबंद शेतावर आणि हे अक्षर चांगलं म्हणून कचेरीत. औषधांचा साठा, अहवाल, डॉक्टरांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक, सगळं त्यांच्याकडे. संस्थेची वेबसाइट असावी असं एकदा ठरलं, तेव्हा ते काम कुणी अंगावर घेईना. पन्नाशीला टेकलेले भाऊ शहापूरच्या बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसले. क्लासातल्या मुली त्यांना काका म्हणायच्या आणि माऊस कसा धरायचा ते दाखवायच्या. सहा महिन्यांनी भाऊंनी पहिलं पान केलं. त्यावर निळ्या अक्षरांत चार दवाखान्यांची नावं होती. दर महिन्याच्या बैठकीत ते आम्हा सगळ्यांना ते पान उघडून दाखवायचे, जसं काही आम्ही ते आधी पाहिलंच नव्हतं.

पुढे त्यांना त्याचा नादच लागला. कुठे डोळ्यांचं शिबिर झालं की त्याचं पान. बाळांची वजनं केली की त्याचं पान. कोण डॉक्टर आले, कुठल्या वाडीवरून कोण आलं, कुणी चुलीवर चहा करून दिला, सगळं त्यात. फोटोही असायचे. आणि एकदा चढवलेलं पान ते कधी उतरवत नसत. नवं पान जुन्याच्या जागी नाही, शेजारी. मी त्यांना चिडवायची, "भाऊ, तुमची वेबसाइट म्हणजे कणगी झाली. नवं भात वरून ओततात आणि जुनं खाली किडत बसतं." ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "किडत नाय, सिस्टर. तळाशी असतं, एवढंच."

त्यांच्या या हट्टाला एका हिवाळ्यात मोठं बळ मिळालं. म्हशाच्या जत्रेचे दिवस होते. त्या बाजूची एक बाई पत्ता विचारत विचारत शहापूरच्या कार्यालयात आली. तिचा बाप बऱ्याच वर्षांपूर्वी वारला होता. त्याचा फोटो घरात कुणाकडे नव्हता, आणि तिच्या भाच्याला फोनवर आमच्या एका जुन्या शिबिराच्या पानावर तो सापडला होता. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला, बाकावर बसून तोंडभर हसणारा म्हातारा. भाऊंनी तो फोटो जाड कागदावर छापून आणला. बाईने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि पदराखाली झाकूनच नेला, उघडा नेला तर वाऱ्यावर उडून जाईल असा. त्या दिवसानंतर जुनी पानं काढा असं भाऊंना सांगायची कुणाची छाती झाली नाही. मी मात्र अधूनमधून सांगतच होते. माझं म्हणणं साधं होतं : दवाखान्यात मुदत संपलेलं औषध मी फळीवर ठेवत नाही, मग तुम्ही का ठेवता?

मग डॉक्टरीणबाई गेल्या. डोंगरात राहायला नवी परिचारिका मिळेना. माझे गुडघे चढ चढू देईनात. एकेक करून दवाखाने बंद झाले, आमचा सर्वांत शेवटी. शहापूरच्या कार्यालयात भाऊ तेवढे उरले. टाळं मीच लावलं. किल्ली द्यायला शहापूरला गेले तेव्हा भाऊंना म्हटलं, "त्या पानावर माझा नंबर आहे. तेवढं बघा." ते म्हणाले, "बघतो." एवढंच बोलणं झालं. त्यांनी ते पाहिलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. मुरबाडला आल्यावर मी नवा फोन, नवा नंबर घेतला. जुना नंबर बँकेला जोडलेला होता म्हणून तो फोन कपाटात पडून असायचा. कधी बँकेचं काम निघालं की चार्ज करायचा, ओटीपी घ्यायचा आणि परत बंद करून ठेवायचा. आयुष्यातल्या मोठ्या चुका अशा इतक्या बारीक असतात... त्या करताना चूक म्हणून दिसतही नाहीत.

दवाखाना बंद होऊन तीन वर्षं झाली होती. भातकापणी चालू होती. एके दिवशी सकाळी अनंतभाऊ माझ्या मुरबाडच्या घरी आले, न कळवता. ते एकटे असे कधी आले नव्हते. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, पण पेला तसाच हातात धरून राहिले. मी विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" त्यांनी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

आदल्या दिवशी गणपत नावाचा एक तरुण कार्यालयात आला होता. आमच्याच दवाखान्याच्या पलीकडच्या वाडीवरचा, पण वाशिंदला एका कारखान्यात कामाला. पंधरा दिवसांपूर्वी दुपारी त्याला वाडीवरून फोन आला, की त्याच्या वहिनीला, बुधीला, भाताचे भारे बांधताना हाताला साप चावला. गणपतने लगेच फोनवर शोधलं, जवळपास लस कुठे मिळेल. सर्वांत वर आमचं पान आलं. त्यावर भाऊंच्या हातचं स्वच्छ लिहिलेलं होतं : साप-विंचू चावल्यास लस मिळेल, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. खाली माझं नाव आणि नंबर. गणपतने घरच्यांना सांगितलं, शहापूरला जाऊ नका, वेळ जाईल, वरच्या दवाखान्यात न्या. बुधी आणि तिचा नवरा काळू चार वर्षं वाशिंदलाच वीटभट्टीवर राबत होते, नुकते गावी परतले होते. दवाखाना बंद झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घरातल्या म्हातारीला ऐकू येत नाही, आणि बाकीची वाडी शेतावर पांगलेली. त्यांनी बुधीला मोटरसायकलवर मध्ये बसवून वर आणलं. दाराला टाळं. पायरीवर गवत. पण फोनवर लिहिलं होतं उघडं आहे म्हणून... सिस्टर जेवायला गेली असेल, येईल, असं म्हणत ते पायरीवर बसून राहिले. नंबर लावत राहिले. बुधीच्या पापण्या उघड्या राहिनात तेव्हा ते उठले. पुढे शहापूरला पोचेपर्यंत उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं.

"तो पोरगा ओरडला नाय, सिस्टर," भाऊ सांगत होते. "ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हे तुमीच लिवलंय का? मी म्हटलं, मीच. तर म्हणाला, मंग टाळा का होता? तुमी लिवलंय उघडा हाय, मंग टाळा का होता?"

मी उठून घरात गेले. कपाट उघडलं, जुना फोन काढला, चार्जरला लावला. भाऊ ओट्यावरून उठून दारात येऊन उभे राहिले. काय करते आहे ते त्यांना कळलं असावं. फोन सुरू व्हायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. मग एकेक मेसेज येऊ लागले. बँकेचे, जाहिरातींचे... आणि त्यांच्यामध्ये, पंधरा दिवसांपूर्वीच्या दुपारचे तीन. एकाच नंबरावरून. या नंबराने तुम्हाला फोन केला होता, एवढंच लिहिलेलं.

"किती?" भाऊंनी विचारलं.

"तीन."

त्या तीन फोनांबद्दल मी आजवर भाऊंखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते आहे.

चार दिवसांनी आम्ही दोघं वाडीवर गेलो. जाऊ नका, लोक चिडलेले असतील, असं अनेकांनी सांगितलं. भाऊ म्हणाले, चिडले तर चिडले. काळू अंगणात भात झोडत होता. धाकटं मूल पेंढ्यात खेळत होतं, मोठी मुलगी आम्हाला बघून आत गेली. भाऊंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दवाखाना तीन वर्षं बंद होता, पान मी काढायला हवं होतं, काढलं नाही, चूक माझी. मी माझं सांगायला तोंड उघडलं तर भाऊंनी हाताने मला थांबवलं. तेव्हा मी थांबले, आणि ते मला अजून बोचतं.

काळूने पेंढी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. "साप तुमी सोडला नाय," तो म्हणाला. मग पेंढी पुन्हा उचलली आणि म्हणाला, "पन ते लिवलेलं काडून टाका. अजून कोन जाईल तिथं."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी ते पान पुसलं, आणि ते एकच पुसून थांबले नाहीत. एका सकाळीत सगळी वेबसाइट पुसून टाकली. वीस वर्षांची सातशेहून जास्त पानं, फोटो, अहवाल, सगळं. कार्यालयातला जुना कॉम्प्युटर केव्हाच जळाला होता, त्यामुळे बऱ्याच गोष्टींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही पुसताना त्यांनी प्रत काढली नाही. मला फोनवर म्हणाले, "झालं, सिस्टर. तुम्ही म्हणत होता तसं झालं." खरं सांगायचं तर त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. जिथे माझं नाव आणि तो नंबर होता ती जागाच आता नव्हती. मी फोनवर ते पान उघडायचा प्रयत्न करून पाहिला. पांढरा पडदा आला. मी तो दिवसातून दोनदा-तीनदा बघत असे, जखमेवरची पट्टी उचलून बघावी तसा.

भाऊ मात्र त्यानंतर खचत गेले. जेवण कमी झालं, पायांवर सूज यायला लागली. वहिनींना वाटलं मनाचं आहे. मी परिचारिका, मला कळायला हवं होतं, पण मीही मनाचंच धरून चालले. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत हे कळायला अजून अवकाश होता.

महिना पुरा व्हायला आला होता तेव्हा गणपत पुन्हा शहापूरला आला. त्या दिवशी मीही तिथे होते. तो आत न येता दारातच उभा राहिला. या वेळी फोन त्याने खिशातच ठेवला होता. म्हणाला, "काका, ते सगळंच काडलंत काय?"

भाऊ म्हणाले, "हो. एकबी ठेवलं नाय."

"त्यात वयनीचा फोटू होता," गणपत म्हणाला. "तुमच्याकडं यायच्या आदी मी बगत बसलेलो. पोरांची वजनं केलेली, त्याचा. मोठी पोर झोळीत, वयनी बाजूला हुबी. आमच्याकडं तिचा आधारवरचा फोटू हाय फक्त, त्यात तोंड पन कळत नाय. पोरं इचारतात... तर म्हनलं, तेवढा दिला असतात तर."

भाऊ खुर्चीतून उठले आणि परत बसले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या घराने ते लिहिलेलं पुसायला सांगितलं होतं, तेच घर आता जुनं पान मागायला दारात उभं होतं, आणि दोन्ही वेळा त्याचं म्हणणं खरं होतं.

त्या दुपारी भाऊंनी वेबसाइट जिच्याकडे होती त्या कंपनीला फोन लावला. तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, डिलीट कब किया था? भाऊंनी दिवस मोजले. सव्वीस. ती म्हणाली, पुसलेल्याची प्रत त्यांच्याकडे तीस दिवस असते. भाऊंनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. अजून चार दिवस गेले असते तर बुधी दुसऱ्यांदा गेली असती, असं ते नंतर म्हणाले. मला ते बोलणं फार जड वाटलं, पण खोटं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळी पानं परत आली. फोटो सापडला. वजनकाट्याच्या झोळीत एक बाळ, ते झोळीतच ओलं झालेलं, आणि शेजारी उभी असलेली कोवळी बुधी तोंडावर हात धरून हसते आहे. झोळी धरलेला एक हात दिसतो, मनगटावर घड्याळ. तो माझा. मला ती सकाळ आठवत नव्हती, बुधीही आठवत नव्हती. एकोणीस वर्षांत किती बाळं तोलली... पण भाऊंच्या पानावर तिचं नाव होतं, वाडीचं नाव होतं, बाळाचं वजनही होतं.

मी त्यांना म्हटलं, "फोटो काढून घ्या आणि बाकीचं पुन्हा पुसा, भाऊ. असंच कुणीतरी परत फसेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सिस्टर, मी ते त्यांच्यासाठी नव्हतं पुसलं. माझ्यासाठी पुसलं होतं. मला ते बघवत नव्हतं." मलाही बघवत नव्हतं, म्हणूनच मी पुसा म्हणत होते.

मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही फोन उचलला असता, तर काय सांगितलं असतं?"

मी म्हटलं, "काय सांगणार? दवाखाना बंद आहे. तिथे थांबू नका. तिला चालवू नका, हात हलवू देऊ नका, थेट शहापूरच्या सरकारी रुग्णालयात न्या."

"लिहा," भाऊंनी कागद पुढे केला. "तेच पानावर असायला हवं होतं."

मी लिहून दिलं. त्यांनी ते लाल अक्षरांत त्या पानाच्या माथ्यावर चढवलं, फोटोच्याही वर, नावाच्याही वर. आजही कुणी ते पान उघडलं तर आधी त्या ओळी दिसतात. त्या कुणी लिहिल्या ते तिथे लिहिलेलं नाही.

त्यानंतर भाऊंनी सातशे पानं एकेक करून हातात घेतली. प्रत्येक पानाच्या वर, हे केव्हाचं आहे आणि आता काय खरं आहे, ते लिहायचं. वेळा काढायच्या, नंबर काढायचे. नावं, फोटो, हकिगती ठेवायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण एखाद्या शिबिराच्या पानावर डॉक्टरांचं नाव असलं की ते डॉक्टर आता कुठे आहेत, हे शोधायला भाऊ आठ-आठ दिवस घालवत. कितीतरी पानांवर शेवटी एकच ओळ यायची, की हे गृहस्थ आता हयात नाहीत. "एवढी माणसं गेली, सिस्टर, आणि आपल्याकडे सगळी अजून शिबिराला बसलेली," असं ते एकदा म्हणाले होते.

बुधीचा फोटो ते स्वतः वाडीवर घेऊन गेले, मी सोबत होते. तेव्हा त्यांना चढ चढवत नव्हता, दर पन्नास पावलांवर थांबत होते. फोटो वेबसाइटवरचा, त्यामुळे लहान, छापल्यावर कडा पुसट झाल्या. काळूने तो दोन्ही हातांत घेतला. मोठी मुलगी जवळ आली, फोटोतल्या झोळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्यी मी?" काळूने मान डोलावली. मग ती फोटोतल्या बाईकडे बघत राहिली. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. क्षमा मिळाली असं भाऊंना कधी वाटलं नाही आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

पुढची दोन वर्षं डायलिसिसची. आठवड्यातून तीनदा कल्याणला. शनिवारी मी मुरबाडहून जायची. डाव्या हातात सुया, तो हात चार तास हलवायचा नाही. उजव्या हाताच्या एका बोटाने भाऊ मांडीवरच्या लॅपटॉपवर टाइप करत. मी शेजारी बसून जुना मजकूर वाचून दाखवायची. शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत असत, कधी कुणी म्हणायचं, आमच्या आत्याचं गाव तिकडं... भाऊ कधी कधी वाचता वाचता झोपून जात. तोंड थोडं उघडं, बोट तसंच कळीवर, आणि पडद्यावर एकच अक्षर ओळभर उमटत जायचं. मी हळूच बोट उचलून बाजूला ठेवायची. जागे झाले की ती ओळ पुसायचे आणि म्हणायचे, "कुठपर्यंत आलो?" शेवटच्या दिवसांत त्यांचा त्रास बघून मी एकदा म्हटलं, "पुरे आता. कोण बघतंय ही पानं?" ते म्हणाले, "गणपतनं बघितलं होतं." त्यानंतर मी तसं कधी म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात मी शहापूरला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता. "उघड गो," म्हणाल्या. "ऱ्हायलं असंल काय तर करून टाक." मी उघडला. भाऊंनी जवळजवळ सगळं संपवलं होतं. एक पान तेवढं जसंच्या तसं होतं, वर लाल ओळ नव्हती. त्याचं नाव 'आमची माणसं'. त्यात भाऊंचा फोटो, केस काळे असतानाचा, शर्टाचं वरचं बटण लावलेला. खाली लिहिलेलं : अनंतभाऊ, कार्यालय. सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत भेटतील. फोन करून यावे. आणि नंबर.

मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या दारात उभ्या राहून पदराला हात पुसत ऐकत होत्या. "वेळ काढ," म्हणाल्या. "वेळ कुठं ऱ्हायली आता."

"आणि नंबर?"

"नंबर ऱ्हाऊ दे."

"पण वहिनी, कुणी फोन केला तर..."

"करतात की. परवा उंबरमाळीवरनं एक जण बोलत होता, दवाखाना चालू झाला का म्हणून. सांगितलं त्याला, नाय, शहापूरला ये. मी फोन रोज चार्ज करते."

मी वेळ काढली. 'भेटतील' हा शब्द पुसायला जरा वेळ लागला. त्याच्या जागी लिहिलं : अनंतभाऊ आता नाहीत. या नंबरवर त्यांच्या पत्नी सुमन बोलतील. नंबर ठेवायचा झाला तर आधी तो लावून बघायचा, हा भाऊंचा शिरस्ता होता. पडद्यावरचा एकेक आकडा बघत मी तो माझ्या फोनवर लावला. आत, स्वयंपाकघरात, घंटा वाजली. वहिनी एव्हाना आत गेल्या होत्या. त्यांचा आवाज मला दोनदा आला, एकदा भिंतीपलीकडून आणि एकदा कानात, "हॅलो... कोण बोलतंय?"

मी पडद्यावरचा नंबर परत एकदा पाहिला. मग म्हटलं, "मी मीना, वहिनी. नंबर चालू आहे का ते बघत होते."

"चालू हाय गो," त्या म्हणाल्या. आणि बराच वेळ आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही.